भट्टीना गया

लोटन धनसिंग पाटलाला कुणी विचारलं, "आबा, तुम्ही कारखान्यात नेमकं करता तरी काय?" तर त्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "मी भट्टीना गया ऐकस."

ज्याला अहिराणी येत नाही, त्याच्या हे डोक्यावरून जाणार. आमच्या तोंडात ळ टिकत नाही हो. डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते, तसाच गळ्याचा गया. म्हणजे लोटन भट्टीचा गळा ऐकायचा. ऐकायला हे गमतीचं वाटेल, पण एकतीस वर्षं त्यानं हेच केलं आणि त्याच्या त्या ऐकण्यावर शे-दीडशे माणसं निर्धास्तपणे खाली कामं करत राहिली.

चाळीसगावकडून धुळ्याकडे जाताना माळावर तो पोलादाचा कारखाना लागतो. एका दारानं दगड आत जातो आणि दुसऱ्या दारानं सळई बाहेर पडते. मधलं सगळं त्याच आवारात. दगड वितळून लोखंडाचा रस होतो. तो रस दुसऱ्या भट्टीत ओतायचा, वरून जाड पाइप आत सोडायचा आणि ऑक्सिजनचा झोत मारायचा, म्हणजे लोखंडाचं पोलाद होतं. ही दुसरी भट्टी लोटनची. झोत सुरू झाला की अशी काही गर्जना होते की शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. मग रसावर फेस धरायला लागतो. तापल्या दुधासारखा तो वर वर चढतो, पाइपचं तोंड त्यात बुडतं, आणि गर्जना घोगरी होते. सर्दी झालेल्या माणसाचा गळा बसावा, तशी. त्या घोगरेपणातही लोटनला एक ठरावीक जागा ऐकू यायची. ती आली की तो केबिनमधून हात वर करून ओरडायचा, "गया बसना!" लगेच झोत कमी करायचा, पाइप सरकवायचा. आधी केलं तर माल कच्चा. उशीर केला तर फेस उतू जाऊन खाली उकळतं लोखंड सांडणार, आणि खाली माणसं असतात. त्याच्या पाळीत भट्टी एकदाच उतू गेली. तेव्हाही तो लेकीच्या लग्नाच्या रजेवर होता, आणि ही गोष्ट तो न विचारता सांगायचा.

एक खोड मात्र होती त्याला. कंपनी कानात घालायला बोळे द्यायची, ते तो खिशात घालायचा. "कान बंद करीसन ऐकू काय, कप्पाळ?" म्हणायचा. साहेब ओरडायचे, दंड करायची धमकी द्यायचे, आणि भट्टी लागली की तेच साहेब त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

आता हितेंद्रचं सांगतो. हितेंद्र म्हणजे लोटनच्या धाकट्या बहिणीचा, हेमलताचा मुलगा. हेमलताचा नवरा लवकर गेला. पिंप्राळ्यात दोन खोल्यांत शिवणकाम करून तिनं पोराला इंजिनिअर केलं. शिक्षणात शेवटी कारखान्यात सहा महिने काम करायचं होतं, तेव्हा पोरगं मामाकडेच राहिलं. मामीच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन चांगलं गरगरीत झालं. पुढे त्याच कारखान्यात जागा निघाली, तेव्हा लोटन आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या साहेबांच्या दारात स्वतःहून जाऊन उभा राहिला. स्वतःच्या जावयासाठी नाही गेला, पण भाच्यासाठी गेला. आमच्याकडे भाच्याचा मान वेगळाच असतो, मामा भाच्याच्या पाया पडतो. हितेंद्र पहिल्या दिवशी नवं हेल्मेट घालून गेटवर आला, तर या पंचावन्नाच्या माणसानं पाळी सुटलेल्या दोनशे जणांसमोर वाकून त्याच्या बुटाला हात लावला. पोरगं लाजून लाल झालं. लोटन मात्र दिवसभर छाती काढून फिरला. "मना भाचा शे," भेटेल त्याला सांगायचा, जसं काही कुणाला ठाऊकच नव्हतं.

दोन वर्षांनी आधुनिकीकरण आलं. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवून मोठ्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. दुप्पट मोठी भट्टी, नवी कंट्रोल रूम, धूर गिळणारी यंत्रं. शेवटी म्हणाले, "यंत्र येईल, पण माणूस जाणार नाही." सगळ्यांत आधी टाळी लोटननं वाजवली. त्याच्या शेजारी बसलेला गिरधर, क्रेन चालवणारा, हळूच म्हणाला, "आबा, जराशी सबुरी ठेवा." लोटन म्हणाला, "तुले बठ्ठं वाकडंच दिखस."

खरं सांगायचं तर लोटनला आधुनिकीकरणाचं भय नव्हतंच. जुनी भट्टी गळायला आली होती, धुरानं पोरांची छाती खराब होत होती. नवीन यावं असं त्यालाही वाटायचं. त्याची एकच इच्छा होती. नवी भट्टी पहिल्यांदा पेटेल तेव्हा तिचा आवाज आपण ऐकावा, आणि निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं तिच्यासमोर काढावी. बस्स. यापेक्षा जास्त त्यानं काही मागितलं नव्हतं.

नव्या भट्टीला माणसाच्या कानाऐवजी यंत्राचा कान लावायचा होता. बाहेरच्या एका कंपनीचे दोन साहेब आले, त्यांनी जुन्याच भट्टीच्या अंगाला माइक बसवले आणि केबिनमध्ये लोटनच्या डोक्यावर एक. तीन महिने भट्टीचा आवाज आणि लोटनची हाक, दोन्ही जोडीनं टिपायचं, म्हणजे यंत्र आपोआप शिकेल असा हिशेब. आणि या कामावर आपल्याकडचा माणूस म्हणून कोण? हितेंद्र.

आणि मग जी गंमत झाली, ती आमच्याच मुलखात होऊ शकते. त्या बाहेरच्या साहेबांना फक्त हिंदी येत होती. त्यांनी टिपलेलं सगळं हितेंद्रला न विचारता परस्पर ऐकलं, प्रत्येक वेळी लोटन ओरडतोय, "गया!" त्यांनी लिहून घेतलं, गया म्हणजे गेलं, म्हणजे माल वाया गेला. पुढचं "बसना" त्यांना कळलंच नाही. झालं! लोटनची जी जी भट्टी सोन्यासारखी साधली होती, ती ती यंत्राच्या वहीत बिघडलेली म्हणून जमा झाली. यंत्र उलटं शिकलं. भट्टी बरोबर जागेवर आली की कंट्रोल रूममध्ये लाल दिवा आणि भोंगा. दोन आठवडे हा तमाशा चालला. पोरं पोट धरून हसायची, आणि सगळ्यांत जास्त लोटन. बाहेरचे साहेब तोंड पाडून बसले. हे आवाजाचं काम इथं जमत नाही, माइक काढून नेतो, असं त्यांनी कळवूनही टाकलं होतं.

एका शब्दाचं कुलूप होतं बघा. ते उघडणारा माणूस त्या अख्ख्या प्रकल्पात एकच होता, आणि तो आईच्या मांडीवर बसून अहिराणी शिकला होता.

पुढच्या रविवारी हितेंद्र दुपारी मामाकडे जेवायला आला. मामीनं, पुष्पाबाईनं, भरीत केलं होतं. जेवण झाल्यावर लोटननं त्या गया-गयाची गोष्ट पुन्हा एकदा रंगवून सांगितली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. हितेंद्र हसला नाही. म्हणाला, "मामा, गया बसना म्हणजे नेमका कधी बसतो हो? मला एकदा नीट समजावून सांगा ना."

भाच्यानं विचारलं आणि मामानं सांगितलं नाही, असं कसं होईल? लोटन उठला. परसातल्या पपईचा पोकळ देठ तोडून आणला, पातेल्यात साबणाचं पाणी केलं, देठ आत घालून फुंकर मारली. "हाऊ पहिला आवाज. ऐक." फेस चढत गेला. "आते ऐक. आते ऐक... हाई! आठे. हाऊ गया बसना. याना पुढे सरकना की व्हयना घात." एकदा नाही, दहा-बारा वेळा करून दाखवलं. गाल दुखेपर्यंत. हितेंद्रचा मोबाइल पाटाशेजारी पालथा पडला होता.

आणि त्या भरात लोटन जे कुणालाच बोलला नव्हता ते बोलून गेला. म्हणाला, "लोकेसले वाटस मी रंग देखीसन सांगस. नही रे भाऊ. डावा डोयामा वरीसभर धुकं शे, उजवाबी तसाच. ठिणगी दिखस नही माले. मी निस्ता ऐकस."  आगीसमोर उभं राहून राहून मोतीबिंदू धरला होता आणि ते कंपनीला कळलं तर भट्टीवरून उचलतील, ही भीती त्यानं वर्षभर पोटात ठेवली होती. "कोनले सांगू नको," तो म्हणाला.

हितेंद्रनं दोन बोटांनी स्वतःचा गळा धरला. "गळ्याशपथ, मामा."

हितेंद्रनं यंत्राच्या वहीतल्या नोंदी सुधारल्या आणि यंत्र महिन्याभरात सुतासारखं सरळ झालं. नवी भट्टी तयार झाली. ती पेटायच्या आधी आठ दिवस लोटनच्या हातात कागद पडला. वैद्यकीय कारणास्तव भट्टीवरील कामातून मुक्त करून सुरक्षा साहित्याच्या स्टोअरमध्ये बदली. तिथं काम काय? येणाऱ्या-जाणाऱ्याला हातमोजे, गॉगल आणि कानात घालायचे बोळे वाटायचे.

नवी भट्टी पेटली त्या दिवशी लोटन स्टोअरच्या खिडकीत बसून होता. लांबून गर्जना आली, मग ती घोगरी झाली, मग थांबली. यंत्रानं बरोबर जागा पकडली होती. ज्यानं ती दाखवली त्याला कुणी बोलवायलासुद्धा आलं नाही.

वैद्यकीय कारण म्हणजे डोळेच, यात त्याला शंका नव्हती. म्हणजे हितेंद्रच्या तोंडून निघालं. पण हा माणूस असा, की त्यानं भाच्याचीच बाजू घेतली. पुष्पाबाईला म्हणाला, "डोयाले दिखत नसता मानूस भट्टीवर उभा ऱ्हास, हाई काय बरं शे? उद्या कोनी मरतं तर? पोऱ्यानं जबाबदारीनंच सांगं व्हई." पुष्पाबाई फणकारली, "गयानी आन खायेल व्हती ना त्यानं?" लोटननं हितेंद्रला गाठून विचारलं, तर तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "वरून आलंय मामा. मी बघतो काही होतं का." आणि तो बघतच राहिला.

लोटननं मग मनाशी सरळ गणित मांडलं. डोळे गेले म्हणून काढलं, तर डोळे परत आले की परत घेतील. धुळ्याला जाऊन त्यानं एक डोळा करून घेतला, दीड महिन्यानं दुसरा. काळा चष्मा लावून स्टोअरमध्ये बसायचा, पोरं चिडवायची, "आबा, हिरो!" तोही हसून मान डोलवायचा. चष्मा निघाला त्या दिवशी त्यानं आधी बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "एवढी म्हातारी कवय व्हयनी वो तू?" पुष्पाबाईनं लाटणं उगारलं. किती दिवसांनी घरात असं हसणं झालं होतं! डॉक्टरांनी लिहून दिलं, दोन्ही डोळे उत्तम, कोणतंही काम करण्यास हरकत नाही. तो कागद लोटननं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि कारखान्याच्या कार्यालयात गेला. पुष्पाबाईनं निघताना हातावर दही ठेवलं. नव्या नोकरीला निघाल्यासारखा दिसत होता.

कार्यालयात मोहिनी म्हणून एक बाई होती. रोज चाळीसगावहून यायची, कामाला चोख, म्हाताऱ्या कामगारांशी नीट बोलायची. तिनं कागद वाचला, कपाटातून लोटनची फाइल काढली, पानं चाळली आणि थांबली. पुन्हा चाळली.

"आबा," ती म्हणाली, "पण तुमचं कारण डोळे नाहीच."

"मंग?"

"कान."

लोटनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मोहिनीनं मग त्याला वाचूनच दाखवलं. दरवर्षीच्या तपासणीत या कामगाराला बारीक, उंच आवाज कमी ऐकू येत असल्याचं आढळतं. तो कानसंरक्षण वापरत नाही. त्याची श्रवणक्षमता भरवशाची नाही. सबब यापुढे आवाजावरून निर्णय देण्याचं काम त्याच्यावर सोपवू नये, ते यंत्रानं करावं. शिफारस करणार, हितेंद्र.

बारीक आवाज त्याला कमी ऐकू यायचा, हे खरं होतं. पुष्पाबाईच्या मोबाइलची रिंग त्याला ऐकू येत नसे. पण भट्टी काय मोबाइलसारखी वाजते? ती खालच्या जाड आवाजात बोलते, आणि त्यातलं पानही हललेलं त्याला कळायचं. हे जगात ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्यानंच ते लिहिलं होतं.

"तारीख?" लोटननं विचारलं.

मोहिनीनं सांगितली. त्या रविवारनंतरचा सोमवार. पपईच्या देठानं फुंकून फुंकून दुखलेले त्याचे गाल तोवर दुखायचे थांबलेसुद्धा नव्हते.

मोहिनीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यानं घेतला नाही. "डोळ्याचा कागद फाइलला लावू का आबा?" तिनं विचारलं. "लाव," तो म्हणाला आणि बाहेर पडला.

कॅन्टीनमध्ये पहिल्या पाळीची जेवणं चालली होती. हितेंद्र चार-पाच इंजिनिअरांत बसला होता. मामा सरळ टेबलाकडे येतोय हे बघून तो झटकन उठला, त्याच्या दंडाला धरून जरा बाजूला, हात धुवायच्या जागेशी घेऊन गेला. गिरधर तिथंच ताट घेऊन उभा होता, म्हणून पुढचं सगळं गावाला कळलं.

"मना कान खराब शेतस?" लोटननं विचारलं.

"मामा, हळू. इथं नको."

"मना कान खराब शेतस का रे?"

हितेंद्रनं मागं वळून टेबलाकडे बघितलं. घाम आला होता त्याला. "अहो, तुम्ही तिथं असेपर्यंत कुणीच यंत्राकडे बघत नव्हतं. मोठे साहेबसुद्धा पडदा सोडून तुमच्या तोंडाकडे बघायचे. भोंगा वाजला तरी विचारायचे, लोटन काय म्हणतो? असं असल्यावर मी काय दाखवणार? माझं इतक्या महिन्यांचं काम आहे ते."

"तुनं काम," लोटन म्हणाला.  "बरं. तुनं काम. माले काढनंच व्हतं तं डोया व्हते ना. मीच सांगेल व्हतं तुले, मना घरमा बसाडीसन. खरं व्हतं ते. डोयासनं लिखतास, मी एक शब्द बोलतू नही. खोटं कसाले लिखं?"

हितेंद्रनं नळ सोडून हात पाण्याखाली धरले. मग अगदी तोंडातल्या तोंडात, ओठ हलले न हलले असं, म्हणाला, "डोळ्यांचं लिहिलं असतं तर तुम्ही ऑपरेशन करून परत आला असता, मामा. डोळे बरे होतात."

लोटन त्याच्याकडे बघत राहिला. नवे डोळे होते. भाच्याच्या हनुवटीवरचा लहानपणी पडल्याचा व्रण, कपाळावरचा घाम, सगळं लख्ख दिसत होतं त्याला. मग तो एक पाऊल मागं सरला आणि अख्खं कॅन्टीन ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "काय म्हना? जोरमा बोल."

"मामा..."

"जोरमा बोल, भाचेबुवा. माले ऐकू येत नही. तूच लिखेल शे ना?"

ताटांचा आवाज थांबला. शंभर माणसं हात तसेच ठेवून बघत होती. लोटननं उजवा हात कानामागे धरला आणि वाट बघत उभा राहिला. हितेंद्रनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पण त्यातून आवाज काही निघाला नाही.